बूट मेनूतली दुबार नावे

संगणकाचे बटण दाबल्यावर थेट डेस्कटॉप उघडण्याऐवजी निळ्या पडद्यावर एक मेनू येतो आणि त्यात 'विंडोज ११' हे नाव एकाखाली एक दोनदा लिहिलेले असते. दोन्ही नावांत काना-मात्रेचाही फरक नसतो. काहीच निवडले नाही तर साधारण ३० सेकंद थांबून संगणक त्यातले एक नाव स्वतःच उचलतो आणि पुढे जातो. दुसरे नाव निवडून पाहिले तर कधी त्रुटीचा संदेश येऊन काम अडते, कधी काही महिन्यांपूर्वीचा जुना डेस्कटॉप समोर येतो, आणि कधी तर नेमका तोच डेस्कटॉप उघडतो जो पहिल्या नावाने उघडला असता. या तीन परिणामांमागे तीन वेगळी कारणे असतात आणि तिन्हींचा उपाय वेगळा असतो.

मेनूतली ओळ म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम नव्हे. ती सिस्टीम कोणत्या डिस्कच्या कोणत्या पार्टिशनवर आहे याची ती नोंद आहे. सातबाऱ्यावरचे नाव खोडले म्हणून जमीन नाहीशी होत नाही, आणि नदीने जमीन कापून नेली तरी उताऱ्यावरचे नाव आपोआप जात नाही. इथेही तसेच आहे. मेनूतली ओळ पुसली तरी त्या पार्टिशनवरच्या फाइली जागच्या जागी राहतात, आणि पार्टिशन फॉरमॅट केले तरी मेनूतली ओळ राहते. दुबार नोंदी काढताना जे नुकसान होते ते बहुतेक वेळा या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे होते. ओळ काढायची असते आणि पार्टिशन पुसले जाते.

ही नोंद कुठे लिहिलेली असते, याचे उत्तर संगणकाच्या वयावर अवलंबून आहे. आयबीएमचा पहिला पीसी १९८१ साली आला. त्यात बायोस नावाचा छोटा प्रोग्राम मदरबोर्डवरच्या चिपमध्ये होता. हार्ड डिस्कवरची पार्टिशने ओळखण्याची सोय डॉसच्या २.० आवृत्तीबरोबर १९८३ साली आली. डिस्कच्या अगदी आरंभी ५१२ बाइटची एक जागा राखून ठेवलेली असे. तिला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. त्यातले ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रामला, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या तक्त्याला आणि शेवटचे दोन बाइट खुणेला. एवढ्याशा जागेत नावांचा मेनू मावणे शक्यच नव्हते. म्हणून तो प्रोग्राम फक्त 'चालू' खूण असलेले पार्टिशन शोधून पुढचे काम त्याच्यावर सोपवत असे आणि मेनू दाखवणे ही त्या पुढच्या प्रोग्रामची जबाबदारी ठरली.

विंडोज एनटीपासून एक्सपीपर्यंत हा मेनू 'बूट डॉट आयएनआय' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असे. सी ड्राइव्हवर लपवलेली ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून एक ओळ खोडली की दुबार नाव गेले. एक्सपीच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या साधनात सगळे मार्ग तपासून मेलेल्या ओळी शोधणारे एक बटणसुद्धा होते. सर्वसामान्य माणसाला समजेल अशी ती सोय पुढच्या आवृत्तीत गेली. २००७ मध्ये घराघरांत आलेल्या विंडोज व्हिस्टाने साध्या फाइलच्या जागी बीसीडी, म्हणजे बूट कॉन्फिगरेशन डेटा, हे छोटे कोठार आणले. ते नोटपॅडमध्ये वाचता येत नाही. त्यातल्या प्रत्येक नोंदीला महिरपी कंसातला बत्तीस अंकाक्षरांचा ओळखक्रमांक असतो आणि नाव हे त्या नोंदीचे केवळ एक कलम असते. म्हणूनच एकाच नावाच्या दोन नोंदी बीसीडीत शांतपणे शेजारी राहतात. तिच्या लेखी त्या दुबार नसतातच, कारण त्यांचे क्रमांक वेगळे असतात.

त्याच सुमाराला बायोसची जागा युईएफआय घेऊ लागली. इंटेलने सुरू केलेले हे काम २००५ साली स्थापन झालेल्या युईएफआय फोरमकडे गेले. या पद्धतीत डिस्कवर ईएफआय सिस्टीम पार्टिशन नावाचा छोटा तुकडा असतो. तो बहुधा १०० ते ३०० एमबीचा आणि फॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो. त्यात प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमचा एकेक फोल्डर असतो, आणि मदरबोर्डवरच्या कायमस्वरूपी स्मृतीत या फोल्डरांतल्या बूट फाइलींची स्वतंत्र यादी असते. लिनक्स असेल तर त्यात ग्रब या बूटलोडरची, म्हणजे मेनू दाखवून सिस्टीम सुरू करणाऱ्या प्रोग्रामची, तिसरी यादी मिसळते. आजच्या संगणकात अशा रीतीने तीन वह्या असू शकतात. एक मदरबोर्डची, दुसरी विंडोजची बीसीडी आणि तिसरी ग्रबची. दुबार ओळ ज्या वहीत लिहिली गेली त्याच वहीत ती खोडावी लागते. ग्रबमध्ये दिसणारे जादा नाव बीसीडीत शोधत बसले तर ते तिथे सापडत नाही.

कोणत्या वहीचा मेनू समोर आहे हे पडद्यावरून ओळखता येते. निळ्या पार्श्वभूमीवर चौकोनी खूण आणि नाव असा मेनू विंडोज ८ पासूनच्या विंडोजचा. काळ्या किंवा जांभळट पडद्यावर, चौकटीत साध्या अक्षरांत नावे आणि वर ग्रबची आवृत्ती, हा लिनक्सचा. आणि संगणक सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप अशी एखादी कळ दाबल्यावरच जो येतो, ज्यात 'विंडोज बूट मॅनेजर', 'उबुंटू' यांच्याबरोबर डिस्कची आणि पेन ड्राइव्हची नावेही असतात, तो मदरबोर्डचा. निळ्या मेनूची एक खोड सांगण्यासारखी आहे. तो मेनू दिसेपर्यंत मुख्य विंडोज अर्धवट चढलेली असते, त्यामुळे दुसरे नाव निवडले की संगणक पुन्हा सुरू होतो. हा बिघाड नव्हे, ती त्याची पद्धतच आहे.

दुबार नाव बीसीडीत येण्याचा सर्वांत नेहमीचा मार्ग म्हणजे पुन्हा विंडोज टाकणे. मशीन संथ झाले, व्हायरस शिरला, किंवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा पाठिंबा संपल्यावर विंडोज ११ हवी झाली, की नवी विंडोज टाकली जाते. ती जुन्या पार्टिशनवर न टाकता दुसऱ्या रिकाम्या पार्टिशनवर टाकली तर सेटअप नवी नोंद करतो आणि जुनी तशीच ठेवतो. हे योग्यच आहे, कारण तिथे खरोखर दोन विंडोज असतात. पुढे कोणीतरी जागा हवी म्हणून जुने पार्टिशन पुसतो. नोंद मात्र दुसऱ्याच छोट्या पार्टिशनवर असते, म्हणून ती वाचते आणि कुठेही न नेणारे नाव मेनूत राहून जाते.

दुसरा मार्ग दुरुस्तीचा. विंडोज सुरू होत नसेल तर रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टमधून बूटरेक नावाची आज्ञा चालवतात. ती डिस्कांवरच्या विंडोज शोधते आणि 'ही मेनूत घालू का' असे विचारते. घाईत होकार दिला की आधीच नोंद असलेल्या विंडोजची आणखी एक नोंद होऊ शकते. यात दोन नावे आणि विंडोज एकच असते. कोणतेही निवडले तरी तेच उघडते. तिसरा मार्ग अर्धवट राहिलेल्या अपग्रेडचा. आवृत्ती बदलताना वीज गेली किंवा जागा अपुरी पडली की सेटअप मागे फिरतो आणि कधी 'विंडोज सेटअप' किंवा 'विंडोज रोलबॅक' अशी तात्पुरती नावे मेनूत विसरून जातो. चौथा मार्ग डिस्कची हुबेहूब नक्कल करण्याचा. जुन्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर नक्कल केली की बूट फाइली, बीसीडी, ओळखखुणा सगळेच दोनदा होते. जुन्या पद्धतीच्या डिस्कांत दोघींची सही एकच निघाली तर विंडोज दुसरी डिस्क 'ऑफलाइन' करून बाजूला ठेवते. त्याला बिघाड समजून नवी डिस्क परत करणारे लोकही असतात.

काही काढण्याआधी खात्री करायची ती एवढीच, की ही दोन नावे दोन सिस्टीमची आहेत की एकाच सिस्टीमची. त्यासाठी कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही. पहिल्या नावाने आत जाऊन डेस्कटॉपवर एक रिकामा फोल्डर करावा, त्याला आजची तारीख द्यावी, संगणक बंद करून दुसऱ्या नावाने आत जावे. तो फोल्डर तिथेही दिसला तर दोन्ही नोंदी एकाच विंडोजकडे नेतात आणि कोणतीही एक निर्धास्त काढता येते. फोल्डर दिसला नाही तर तिथे दुसरी विंडोज आहे आणि तिच्या आत कुणाचे फोटो, हिशेब, पदवीचा प्रबंध असू शकतो. ड्राइव्हच्या अक्षरांवर इथे विसंबता येत नाही. जी विंडोज चालू असते ती आपल्या पार्टिशनला बहुधा सी म्हणते. दोन्ही विंडोज स्वतःला सी आणि दुसरीला डी किंवा ई म्हणतात, आणि रिकव्हरीतून पाहिले तर अक्षरे आणखीच वेगळी असतात. पार्टिशन ओळखण्याची भरवशाची खूण म्हणजे त्याचा आकार आणि आतल्या फाइली.

यापुढची तपासणी विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंट या साधनात होते. तिथे प्रत्येक पार्टिशनखाली काही शब्द लिहिलेले असतात आणि त्यांत मायक्रोसॉफ्टने पाडलेला एक जुना गोंधळ आहे. ज्या पार्टिशनवर विंडोजच्या मूळ फाइली आहेत त्याला 'बूट' म्हटले जाते आणि ज्याच्यावर बूट होण्याच्या फाइली आहेत त्याला 'सिस्टीम'. शब्दांवरून जे वाटेल त्याच्या नेमके उलट. लक्षात ठेवायचा नियम असा, की 'बूट' लिहिलेले पार्टिशन म्हणजे आता चालू असलेली विंडोज, आणि 'सिस्टीम' किंवा 'ईएफआय सिस्टीम पार्टिशन' लिहिलेले म्हणजे बीसीडी आणि बूट फाइली जिथे आहेत ती जागा. या दुसऱ्या पार्टिशनला हात लावला तर मेनूतल्या दोन्ही विंडोज जागच्या जागी राहूनही संगणक सुरू होणार नाही.

बीसीडीतली नोंद काढण्याचा सोपा रस्ता एमएसकॉन्फिगमधून जातो. विंडोज कळ आणि आर एकत्र दाबून आलेल्या चौकटीत ते नाव रोमन अक्षरांत टंकले की सिस्टीम कॉन्फिगरेशन उघडते. त्यातल्या 'बूट' या टॅबवर सगळ्या नोंदी दिसतात. चालू असलेल्या नोंदीपुढे 'करंट' आणि आपोआप निवडल्या जाणाऱ्या नोंदीपुढे 'डिफॉल्ट' लिहिलेले असते. नको असलेली निवडून 'डिलीट' दाबायचे. चालू नोंद इथून काढता येत नाही आणि ही मर्यादा फार उपयोगी आहे, कारण ज्या विंडोजमध्ये बसून काम चालले आहे तिची फांदी चुकूनही तोडली जात नाही. म्हणून जी विंडोज ठेवायची तिच्यात आधी शिरावे, तिला डिफॉल्ट करावे, मगच दुसरी काढावी. मेनू थांबण्याची वेळही याच टॅबवर बदलता येते. ती तीन सेकंदांपेक्षा कमी ठेवता येत नाही.

त्याआधी दोन तयाऱ्या. पहिली बीसीडीच्या प्रतीची. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये बीसीडीएडिट या आज्ञेला 'एक्सपोर्ट' आणि फाइलचे नाव जोडले की सगळ्या नोंदींची प्रत होते. काही बिघडले तर तीच आज्ञा 'इम्पोर्ट' या शब्दासह चालवून जुनी वही परत आणता येते. एका ओळीचे हे काम आहे आणि ते न करण्याला कोणतेही कारण नाही. दुसरी तयारी बिटलॉकरची. अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकरने आपोआप कूटबद्ध केलेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. बूटच्या नोंदी बदलल्या की बिटलॉकरला ती छेडछाड वाटू शकते, आणि पुढच्या वेळी सुरू होताना तो ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यावर साठवलेली असते. ती मिळालीच नाही तर आतला सगळा मजकूर कायमचा बंद होतो. त्यामुळे की आधी कागदावर उतरवून घ्यावी आणि काम होईपर्यंत बिटलॉकर तात्पुरता थांबवावा.

एमएसकॉन्फिगमध्ये नावे दिसतात, पण तपशील दिसत नाही. तिथे दोन्ही ओळी अगदी सारख्या दिसल्या तर बीसीडीएडिट आज्ञा नुसतीच चालवावी. प्रत्येक नोंदीचा क्रमांक, ती कोणत्या पार्टिशनकडे बोट दाखवते, नाव काय, विंडोजचा फोल्डर कोणता, हे सगळे पडद्यावर येते. ज्या नोंदीत डिव्हाइससमोर 'अननोन' लिहिलेले असेल तिचे पार्टिशन आता अस्तित्वात नाही. ती मेलेली नोंद बीसीडीएडिटला 'डिलीट' हा शब्द आणि महिरपी कंसांसकट तिचा पूर्ण क्रमांक देऊन काढता येते. क्रमांक हाताने टंकू नये, पडद्यावरून उचलून डकवावा. ज्या नोंदीला क्रमांकाऐवजी 'करंट' किंवा 'बूटएमजीआर' असे नाव दिलेले दिसते ती तशीच सोडावी. पहिली चालू विंडोजची असते, दुसरी खुद्द मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रामची.

दोन्ही विंडोज खऱ्या आणि हव्याही असतील तर काढण्याचा प्रश्न येत नाही, फक्त नाव बदलायचे. बीसीडीएडिटला 'सेट', नोंदीचा क्रमांक आणि 'डिस्क्रिप्शन' देऊन हवे ते नाव लिहिता येते. जुना प्रिंटर, जुने हिशेबाचे सॉफ्टवेअर अशा कारणांनी लोक जुनी विंडोज मुद्दाम ठेवतात. जुन्या फॉन्टमध्ये बसवलेली पुस्तके उघडता यावीत म्हणून जुनी विंडोज सांभाळून ठेवलेले मराठी डीटीपीचे संगणक आजही सापडतात. अशा संगणकावर 'जुनी, छपाईची' आणि 'नवी, रोजची' हा फरक नावातच दिसला पाहिजे. नाही तर एखाद्या दिवशी दुरुस्तीला आलेला माणूस तिला फालतू दुबार नोंद समजून पार्टिशनासकट पुसून टाकतो.

जिथे पुष्कळ संगणक बंद पडतात ती परिस्थिती वेगळी सांगायला हवी. जुन्या संगणकाला एसएसडी बसवतात आणि जुनी हार्ड डिस्क फाइली साठवण्यासाठी तशीच जोडलेली ठेवून एसएसडीवर नवी विंडोज टाकतात. सेटअपला जुन्या डिस्कवर आधीच ईएफआय सिस्टीम पार्टिशन सापडते. तो नवे पार्टिशन करत नाही, तेच वापरतो. त्यामुळे नवी विंडोज एसएसडीवर, पण तिच्या बूट फाइली आणि बीसीडी जुन्या हार्ड डिस्कवर अशी विभागणी होते. मेनूत दोन नावे दिसतात, एक जुनीचे आणि एक नवीचे. काही दिवस बरे जातात. मग 'आता जुनी विंडोज कशाला' म्हणून मालक जुनी डिस्क पूर्ण फॉरमॅट करतो किंवा काढून ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी संगणक बूट करण्याजोगी डिस्क मिळत नाही असा संदेश दाखवतो. एसएसडीवरच्या विंडोजला काहीही झालेले नसते. तिच्याकडे नेणारा रस्ता तेवढा पुसला गेलेला असतो.

यावरचा उपाय डिस्क पुसण्याच्या आधी करायचा असतो, आणि तो बीसीडीबूट या आज्ञेत आहे. एसएसडी जीपीटी या नव्या पार्टिशन पद्धतीची असेल तर तिच्यावरच्या मोठ्या पार्टिशनमधून काहीशे एमबी जागा काढून, डिस्कपार्ट या आज्ञेच्या साहाय्याने तिथे नवे ईएफआय पार्टिशन करावे, ते फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून त्याला तात्पुरते एक अक्षर द्यावे. मग बीसीडीबूटला विंडोजचा फोल्डर आणि ते अक्षर सांगितले की ती बूट फाइली तिथे उतरवते आणि कोरी बीसीडी तयार करते. या नव्या वहीत नोंद एकच असते, म्हणजे दुबार नावाचाही निकाल लागतो. यानंतर संगणक बंद करावा, जुन्या डिस्कची वायर काढावी आणि सुरू करून पाहावा. वायर काढलेली असताना विंडोज उघडली तरच ती एसएसडी स्वतःच्या पायावर उभी आहे असे समजावे आणि त्यानंतरच जुन्या डिस्कवर काही पुसावे. ज्यांना हा सगळा खटाटोप टाळायचा आहे त्यांनी मुळात विंडोज टाकतानाच दुसऱ्या सगळ्या डिस्क सोडवून ठेवाव्यात. दोन मिनिटांच्या या कामाने अर्ध्या दिवसाची दुरुस्ती वाचते.

मदरबोर्डच्या वहीतली दुबार नावे वेगळ्या जातीची असतात. लिनक्स काढून टाकली तरी 'उबुंटू' हे नाव तिथे राहते. डिस्क बदलली की 'विंडोज बूट मॅनेजर' दोनदा दिसू लागतो. या नोंदीत पार्टिशनची ओळखखूण आणि बूट फाइलीचा मार्ग लिहिलेला असतो, म्हणून पार्टिशन नव्याने केले की जुनी नोंद निराधार होते. काही संगणकांच्या सेटअपमध्येच बूटची नोंद काढण्याची सोय असते. नसेल तर विंडोजमधून बीसीडीएडिटला 'एनम फर्मवेअर' जोडून ही यादी पाहता येते आणि तिथला क्रमांक देऊन नोंद काढता येते. लिनक्समध्ये ईएफआयबूटएमजीआर हे साधन चार अंकी क्रमांकांसह यादी दाखवते आणि त्याच क्रमांकाने एकेक नोंद पुसते. काढलेले नाव पुन्हा उगवत असेल तर ईएफआय पार्टिशनवर त्याचा फोल्डर शिल्लक असतो आणि मदरबोर्ड दर वेळी तो पाहून नोंद करतो. फोल्डर काढल्याशिवाय ते थांबत नाही. तिथे 'मायक्रोसॉफ्ट' आणि 'बूट' हे फोल्डर मात्र राहू द्यावेत.

या वहीत एकेकच नोंद काढावी, सगळी यादी साफ करू नये. काही संगणकांचे मदरबोर्ड या स्मृतीतला मजकूर पूर्ण पुसला गेल्यावर कायमचे निकामी झाल्याच्या घटना घडल्या होत्या. त्यानंतर २०१६ साली लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, बदल करून तिथल्या बहुतेक नोंदी सहज पुसता येणार नाहीत अशी तजवीज करण्यात आली.

ग्रब हा बूटलोडर एरिक बोलीन यांनी १९९५ साली लिहायला घेतला. आज उबुंटू, डेबियन, फेडोरा अशा बहुतेक लिनक्समध्ये तोच असतो. त्याची यादी 'ग्रब डॉट सीएफजी' या फाइलमध्ये असते, आणि फाइलीच्या डोक्यावरच ती हाताने बदलू नये अशी सूचना असते. सूचनेमागचे कारण साधे आहे. उबुंटू, डेबियनमध्ये प्रत्येक वेळी कर्नेल अद्ययावत झाले की ही फाइल नव्याने लिहिली जाते आणि हाताने खोडलेली ओळ परत येते. पुष्कळांना हा अनुभव येतो आणि ते ग्रबला दोष देतात.

ग्रबच्या यादीतली दुसऱ्या सिस्टीमची नावे ओएस-प्रोबर नावाचे साधन भरते. ते सगळी पार्टिशने धुंडाळते आणि जिथे विंडोजच्या बूट फाइली दिसतील तिथे एक ओळ लिहिते. जुन्या बायोस पद्धतीच्या संगणकावर 'सिस्टीम रिझर्व्हड' पार्टिशनवर एक, मुख्य विंडोजच्या पार्टिशनवर दुसरी आणि कंपनीच्या रिकव्हरी पार्टिशनवर तिसरी अशा फाइली असतात, म्हणून एकाच विंडोजच्या तीन ओळी दिसतात. ओळीच्या शेवटी पार्टिशनचे नाव कंसात असते, त्यावरून त्या वेगळ्या ओळखता येतात. रिकव्हरीची ओळ चुकून निवडली आणि पुढच्या प्रश्नांना होकार देत गेले तर काही संगणक कारखान्यातून आले तसे कोरे होतात. म्हणून इथे तरी नीटनेटकेपणापेक्षा सुरक्षितता हे ओळ काढण्याचे मोठे कारण आहे. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, वगळायच्या पार्टिशनांची यादी देण्यासाठी एक ओळ असते. तिच्यात त्या पार्टिशनची ओळखखूण लिहावी आणि 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा चालवावी. फेडोरात त्यासाठी 'ग्रब२-एमकेकॉन्फिग' आहे. २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून सुरक्षेच्या कारणाने ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. त्यामुळे अद्ययावत केल्यावर उलट विंडोजचे नावच गायब झाल्याचे दिसू शकते. त्याच सेटिंग फाइलमध्ये तो पुन्हा चालू करता येतो.

एकाच लिनक्सच्या अनेक ओळी दिसत असतील तर त्या जुन्या कर्नेलच्या असतात. नवे कर्नेल आले तरी जुने लगेच जात नाही, आणि ते बरेच आहे. नव्या कर्नेलवर वायफाय किंवा पडदा चालला नाही तर मागे फिरायला जागा राहते. फेडोरा साधारणपणे तीन कर्नेल ठेवते. उबुंटूत ॲप्ट या साधनाच्या 'ऑटोरिमूव्ह' या आज्ञेने नकोशी कर्नेल जातात आणि मागचे एक राहते. दोन लिनक्स शेजारी असतील तर एक बाब तपासावी लागते, की बूट होताना दिसणारा ग्रब कोणत्या लिनक्सचा आहे. त्याचीच लिनक्स पुसली गेली तर मेनूऐवजी 'ग्रब रेस्क्यू' एवढे शब्द उमटतात. दोन उबुंटू असतील तर ईएफआय पार्टिशनवर दोघींचा फोल्डर एकाच नावाचा असतो आणि शेवटी टाकलेली आधीच्या फाइलींवर स्वतःच्या लिहिते. मग मेनूवर ताबा शेवटी टाकलेल्या उबुंटूचा असतो.

नोंदी मार्गी लागल्यावर राहतो तो जागेचा हिशेब. बीसीडीत एकच नोंद उरली की निळा मेनू पुन्हा येत नाही. विंडोज त्याला बोलावतच नाही आणि संगणक सरळ डेस्कटॉपवर जातो. जुनी विंडोज खरोखर नको असेल तर तिच्या पार्टिशनवरच्या 'यूझर्स' फोल्डरमधला मजकूर आधी दुसरीकडे उतरवावा आणि मग ते पार्टिशन मोकळे करावे. ही मोकळी जागा सी ला जोडायची तर ती डिस्कवर सी च्या लगोलग उजवीकडे असावी लागते. मध्ये रिकव्हरी पार्टिशन आले असेल तर डिस्क मॅनेजमेंटमधले 'एक्सटेंड' हे बटण फिकट दिसते आणि दाबता येत नाही. अशा वेळी ती जागा डी म्हणून स्वतंत्र फॉरमॅट करून फाइली ठेवायला वापरणे हा सर्वांत कमी धोक्याचा मार्ग आहे. पार्टिशने सरकवणारी साधने मिळतात, पण सरकवण्याचे काम चालू असताना वीज गेली तर दोन्ही पार्टिशनांवरचा मजकूर धोक्यात येतो. त्यामुळे ते लॅपटॉप चार्जरला जोडून किंवा यूपीएसवरच करावे आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर घेऊन ठेवावी.